नोकरी सांभाळून प्रवेश परीक्षेची तयारी

डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावातून पहाटे निघून डहाणू रोड स्थानक गाठणाऱ्या नोकरदाराचा दिवस घड्याळापेक्षा गाडीच्या वेळापत्रकावर अधिक चालतो. वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा आणि मग विरार, ही स्थानके त्याला तोंडपाठ असतात. विरारपर्यंतच धावणारी उपनगरी लोकल १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोणी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी पालघरच्या सरकारी कचेरीत, तर कोणी थेट मुंबईत नोकरीला जाऊ लागले. पदवी हातात आहे, नोकरी आहे, दरमहा घरी पगार येतो. तरीही दोन-तीन वर्षांनी मनात एक प्रश्न डोके वर काढतोच: पुढचे शिक्षण राहूनच जाणार का?

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ‘कॅट’ किंवा राज्याची ‘एमबीए-सीईटी’ आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ‘गेट’ या परीक्षांना नोकरदार उमेदवार मोठ्या संख्येने बसतात. यातील अनेकांची तयारी पहिल्या दोन महिन्यांतच कोलमडते. त्याचे कारण बुद्धीची उणीव हे क्वचितच असते. पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी आखलेले वेळापत्रक नोकरदार आपल्या दिवसावर लादू पाहतो आणि ते पाळता आले नाही म्हणून स्वतःलाच दोष देतो. नोकरदाराच्या अभ्यासाची आखणी त्याच्या नोकरीच्या दिवसातूनच निघायला हवी. ती कशी करावी, हे समजून घेऊ.

नोकरी सोडावी का?

हा प्रश्न प्रत्येकाला एकदा तरी पडतो. एक वर्ष घरी बसून झोकून देऊन अभ्यास केला तर यश नक्की, असे वाटू लागते. पण या परीक्षांचा निकाल केवळ आपल्या मेहनतीवर ठरत नाही. कॅटचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; आपल्या मागे शंभरातील किती उमेदवार आहेत याचे ते माप आहे. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी कॅट दिली. त्यात ९९ पर्सेंटाइल मिळवणे म्हणजे पहिल्या सुमारे २,९०० जणांत येणे. अशा चुरशीत वर्षभराचा पगार पणाला लावणे घरात दुसरे उत्पन्न नसलेल्याला परवडणारे नसते. शिवाय अनेक व्यवस्थापन संस्था मुलाखतीसाठी निवड करताना कामाच्या अनुभवाला गुण देतात. नोकरी सोडून मोकळे काढलेले वर्ष मात्र मुलाखतीत समजावून सांगावे लागते.

नोकरी चालू असताना अपयश आले तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि हीच नोकरदाराची खरी ताकद आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की नोकरी सोडावी लागणारच. तो निर्णय प्रवेशपत्र हाती आल्यावर घ्यावा. तोपर्यंत हक्काची रजा मात्र जपून ठेवावी. वर्षभर सुटी-सुटी घेतलेल्या दहा दिवसांपेक्षा परीक्षेआधी सलग घेतलेले दहा दिवस कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

आधी परीक्षा ठरवा

‘सगळ्याच परीक्षा देऊन पाहू’ हा विचार विद्यार्थ्याला एक वेळ चालेल, नोकरदाराला नाही. या तीन परीक्षांचे स्वरूप एकमेकींपासून किती वेगळे आहे, हे साध्या भागाकाराने कळते.

राज्याच्या एमबीए-सीईटीमध्ये २०२५ साली २०० प्रश्नांसाठी १५० मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. ही वेगाची परीक्षा. कॅटमध्ये २०२४ साली १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. प्रश्नामागे साधारण पावणेदोन मिनिटे. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे, आणि एका विभागातील उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. ही निवडीची परीक्षा: कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे ज्याला कळले तो पुढे जातो. गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. प्रश्नामागे जवळजवळ पावणेतीन मिनिटे. त्यातील १५ गुण सामान्य बुद्धिमत्तेचे, बाकीचे विषयाचे. ही खोलीची परीक्षा.

ज्याच्या दिवसात वीस-वीस मिनिटांचे तुकडेच हाती लागतात, त्याला सीईटीचा सराव त्या तुकड्यांत बसवता येतो. गेटच्या अभ्यासाला मात्र सलग दीड-दोन तासांची बैठक हवी. पदवीनंतर विसरलेले विषय पुन्हा मुळापासून वाचावे लागतात. पण गेटची एक मोठी सोय नोकरदाराने लक्षात ठेवावी. तिचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, तर कॅटचा एकाच प्रवेशवर्षापुरता. शिवाय तारापूरचे अणुऊर्जा केंद्र चालविणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनसारख्या सार्वजनिक कंपन्या अभियंत्यांच्या भरतीतही गेटचे गुण विचारात घेतात. एका तयारीतून दोन वाटा उघडतात.

परीक्षेचा महिना आणि नोकरीतील धांदलीचा महिना एकच आहे का, हेही आधी पाहावे. कॅट साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे दिवाळीच्या मागोमाग येते. गेट फेब्रुवारीत असते. सीईटी २०२४ मध्ये मार्चमध्ये, तर २०२५ मध्ये एप्रिलच्या पहिल्याच दिवसांत झाली. बँकेत किंवा लेखा विभागात काम करणाऱ्याला ३१ मार्चचा ताण वेगळा सांगायला नको. अशा उमेदवाराने सीईटीची तयारी जानेवारीअखेर पूर्ण करून पुढे केवळ उजळणी ठेवावी, किंवा दुसरी परीक्षा निवडावी.

तासांचा प्रामाणिक हिशेब

‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार खरी असते, पण मोघम असते. ती कागदावर मांडून पाहावी. समजा, उमेदवार डहाणू रोडहून पालघरला नोकरीला जातो आणि आठवड्यात सहा दिवस काम असते. पहाटे एक तास, असे सहा दिवस: सहा तास. गाडीत जाता-येता मिळून रोज पन्नास मिनिटे: पाच तास. रात्री अर्धा तास, पण आठवड्यातून पाचच दिवस, कारण एखादा दिवस हातचा जातोच: अडीच तास. सुटीच्या दिवशी पाच तास. एकूण साडेअठरा तास. मेपासून नोव्हेंबरपर्यंतच्या तीस आठवड्यांत हे ५५५ तास होतात. त्यातून गणपती, दिवाळी, घरचे लग्नकार्य, आजारपण आणि कचेरीतील जादा काम यांसाठी चौथा हिस्सा वजा केला, तरी चारशेहून अधिक तास उरतात. मूळ संकल्पना नव्याने शिकून, भरपूर सराव करण्याइतका हा वेळ आहे.

जो रोज चर्चगेटपर्यंत, म्हणजे एका बाजूने सुमारे सव्वाशे किलोमीटर प्रवास करतो, त्याचा हिशेब वेगळा येईल. गाडीतील तास वाढतील, पण घरचे जवळजवळ संपतील. त्याने एकाच हंगामाचा हट्ट न धरता दोन वर्षांची योजना करणे शहाणपणाचे. पहिल्या वर्षी परीक्षा द्यावी ती अनुभवासाठी; दुसऱ्या वर्षी निकालासाठी.

ताजा तास आणि थकलेला तास

हिशेबात सगळे तास सारखे दिसले तरी ते सारखे नसतात. नोकरदाराच्या तयारीचे मर्म इथे आहे. पहाटेचा एक तास आणि नऊ तासांच्या कामानंतरचा एक तास यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून वेळेच्या जातीप्रमाणे अभ्यासाची जात ठरवावी.

पहाटेचा ताजा तास गणितासाठी, नव्या संकल्पनेसाठी किंवा जो विषय टाळावासा वाटतो त्यासाठी राखावा. डहाणू रोडहूनच गाडी सुटत असल्याने सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक. तो वेळ वाचनासाठी. परतीच्या गर्दीत उभ्यानेच यावे लागले तर पुस्तक उघडण्याचा अट्टहास नको. सकाळी जे वाचले ते पुस्तकाविना आठवून पाहावे: सूत्र काय होते, उदाहरण कसे सोडवले, उताऱ्यातील लेखकाचे म्हणणे काय होते. वरवर ही करमणूक वाटते, पण अभ्यासाची ही एक अत्यंत परिणामकारक रीत आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

रात्रीच्या थकलेल्या अर्ध्या तासात नवे काही शिकू नये. दिवसभरातील चुका वहीत उतरवणे आणि उद्या पहाटे काय करायचे ते एका ओळीत लिहून ठेवणे एवढेच काम त्या वेळेला द्यावे. पहाटे उठल्यावर ‘आज काय करू?’ या विचारात पंधरा मिनिटे गेली, तर तासाचा पाव भाग गेला.

कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. त्यांनी ‘पहाटे पाच’ अशी घड्याळाची वेळ न ठरवता ‘झोपून उठल्यानंतरचा पहिला तास’ असा नियम करावा. तो कोणत्याही पाळीत पाळता येतो. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुटी रविवारीच असते असेही नाही. सराव परीक्षा आपल्या सुटीच्या दिवशी घ्यावी.

नोकरदार स्त्रीच्या दिवसात कामावरून परतल्यानंतर घरची एक पाळी सुरू होते, आणि तिच्या अभ्यासाचे तास बहुतेक वेळा तिथेच जातात. हा प्रश्न तिने आणखी लवकर उठून सुटणारा नाही. अमुक महिन्यापर्यंत सकाळचा डबा कोणी करायचा आणि संध्याकाळी मुलांकडे कोणी पाहायचे, हे घरात बसून स्पष्ट ठरवावे. परीक्षा एकीची असली तरी तिची तयारी घरानेच करायची असते.

झोपेतून तास चोरू नका

वेळ कमी पडला की पहिला घाव झोपेवर पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांचा २००३ मधील अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सलग दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या व्यक्तींची बौद्धिक कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली. आणि आपण इतके मंदावलो आहोत याची त्यांना फारशी जाणीवही नव्हती. झोपेतून काढलेला तास वहीत जमा दिसतो, पण कॅटच्या आकडेमोडीत, गाडीच्या पायरीवर किंवा यंत्रासमोर तो व्याजासकट वसूल होतो. यंत्रावर काम करणाऱ्याच्या बाबतीत ही केवळ गुणांची गोष्ट राहत नाही. ज्या दिवशी झोप अपुरी झाली, त्या दिवशी अभ्यास बुडाला तरी चालेल.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

सराव परीक्षांची संख्या वाढवत नेणे म्हणजे तयारी, असा एक समज आहे. नोकरदाराला तो परवडत नाही. दोन तासांची सराव परीक्षा दिली तर तिच्या तपासणीला किमान तेवढाच वेळ द्यावा. प्रत्येक चुकीची नोंद तीनपैकी एका रकान्यात करावी: संकल्पना ठाऊक नव्हती, ठाऊक असून गणनेत चूक झाली, किंवा प्रश्न सोडायला हवा होता तो घेतला. आठ-दहा परीक्षांनंतर आपला खरा रोग कोणता हे वहीच सांगते. तिसरा रकाना भरत असेल तर आणखी पुस्तके वाचून उपयोग नाही. प्रश्न निवडण्याची शिस्त हवी. अलीकडच्या वर्षांत कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुणांवरही मिळाले आहेत. सगळे येण्याची गरज नसते. जे येते ते न चुकणे गरजेचे असते.

गुण वजा होण्याचे गणितही समजून घ्यावे. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून उत्तर दिले, तर सरासरीने फायदा शून्य. मात्र एक पर्याय खात्रीने चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांतून निवडलेले उत्तर सरासरीने लाभाचे ठरते. पर्याय नसलेल्या प्रश्नांना वजावट नसते. तिथे उत्तर रिकामे ठेवू नये. जिथे वजावटच नाही, तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे गुण टाकणे होय.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी उताऱ्यांची धास्ती असते. या परीक्षा इंग्रजीतूनच होतात, हे वास्तव आहे. पण उताऱ्यावरील प्रश्न शब्दसंग्रहापेक्षा युक्तिवाद समजला का हे पाहतात. रोज गाडीत एक इंग्रजी अग्रलेख वाचावा आणि त्याचे सार मनातल्या मनात मराठीत तीन वाक्यांत सांगावे. सांगता आले नाही तर लेख समजलेला नाही. सहा महिने हे नेमाने केले की उताऱ्याची भीती जाते.

कागदपत्रांना उशीर नको

अभ्यास उत्तम होऊनही कागदपत्रांवाचून प्रवेश हुकण्याचे प्रसंग येतात, आणि त्यांची झळ डहाणू-तलासरीसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांतील उमेदवारांना अधिक बसते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात आणि कॅटचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग उमेदवारांना निम्मे असते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते मिळण्यास वेळ लागतो आणि हेलपाटे पडतात. नोकरदाराला त्यासाठी रजा खर्चावी लागते. म्हणून अर्ज परीक्षेच्या आधीच करावा, निकालाची वाट पाहू नये. इतर मागासवर्गीयांनी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्याहून वेगळे असते हे ध्यानात ठेवावे, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हेही तपासावे. अनुभव प्रमाणपत्र आणि सरकारी सेवेतील उमेदवारांचे ना हरकत प्रमाणपत्र वेळेत मागून घ्यावे.

केंद्राची शहरे निवडतानाही विचार हवा. २०२४ ची कॅट २४ नोव्हेंबरला, रविवारी, तीन सत्रांत झाली आणि पहिले सत्र सकाळी साडेआठला सुरू झाले. सत्र निवडण्याची मुभा उमेदवाराला नसते. केंद्र मुंबईत किंवा ठाण्यात आले, तर पहाटेच्या गाडीवर आणि रविवारच्या जम्बो ब्लॉकवर वर्षभराची मेहनत सोपवू नये. आदल्या रात्रीच केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे.

वेळापत्रक माणसासाठी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. कामकरी माणसाने महाविद्यालयाच्या वेळेसाठी आपली भाकरी सोडावी अशी अपेक्षा न ठेवता महाविद्यालयानेच आपली वेळ बदलली. नोकरदार उमेदवाराने स्वतःच्या बाबतीत हेच करायचे आहे. दहा तास अभ्यास करणाऱ्या कोणाशी तुलना करून खंतावण्यापेक्षा आपल्या दिवसात खरोखर असलेले तास ओळखावेत, त्यांना साजेसे काम द्यावे आणि एखादा आठवडा हातचा गेला तर पुढच्या सोमवारी पुन्हा सुरुवात करावी. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी डहाणू रोडची गाडी पकडायची आहे, नोकरी शाबूत आहे आणि पुढच्या वर्षीची परीक्षाही आहे, हा आधार पूर्णवेळ विद्यार्थ्याला नसतो. तो ज्याच्यापाशी आहे, त्याने तो हातचा घालवू नये.